आई-बाबांसाठी नोकरी सोडताय? आधी घराच्या वहीत स्वतःचा पगार लिहा

बॅचमध्ये हा प्रश्न आता दर महिन्याला येतो. घरी आई किंवा सासरे अंथरुणावर आहेत, कुणीतरी घरी थांबायलाच हवं, नोकरी सोडली तर सरकारकडून काही मिळतं का? व्हिडिओत थोडक्यात बोलले होते, इथे हिशोबासकट लिहिते.

थेट उत्तर असं की सांभाळणाऱ्या माणसाला दरमहा पगारासारखे पैसे देणारी योजना आपल्या महाराष्ट्रात नाही. श्रावणबाळ योजनेचे 1,500 रुपये आहेत, पण ते 65 वर्षांवरच्या ज्येष्ठांना, आणि तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असेल किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर. नोकरी करणाऱ्याच्या घरात ते सहसा बसत नाही. म्हणजे पैसे आपल्यालाच तीन-चार ठिकाणांहून गोळा करायचे आहेत.

पण राजीनामा लिहायच्या आधी एक कागद घ्या. समजा हातात पगार 22,000 येतो आणि बेसिक 13,000 आहे. पीएफ तुमचा 1,560 आणि मालकाचा तेवढाच, म्हणजे 3,120. नोकरी गेली की महिन्याला 25,120 गेले. जाण्यायेण्याचे आणि डब्याचे 3,000 वाचतील. तरी घराला खरा फटका 22,000 च्या वर. आता चौकशी करा, तुमच्या भागात दिवसभराची मावशी किती घेते? समजा 15,000. मग नोकरी सोडणं हा महागडा पर्याय आहे! तरीही सोडावी लागते, कारण आईला परक्या हातचं चालत नाही, किंवा रात्रीचं कुणी मिळत नाही. हरकत नाही, सोडा. पण घरात सगळ्यांना हा आकडा माहीत पाहिजे. "ती घरीच तर असते" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे हा कागद फ्रिजवर चिकटवा.

नोकरीतून काय येणं आहे ते बघू. सलग 5 वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरच्या उदाहरणात डीए नाही असं धरलं तर 8 वर्षांचे 60,000 झाले. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर मॅनेजरशी बोला, बिनपगारी रजा मागा, पाचवं वर्ष पूर्ण करा आणि मग निघा.

पीएफला शक्यतो हात लावू नका. नोकरी सुटली म्हणून त्याचं व्याज लगेच थांबत नाही (नंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो, तो भरा). 5 वर्षांच्या आत काढलात तर काढलेल्या रकमेवरही टॅक्स बसतो. पेन्शनच्या भागाचं मात्र लोक विसरतात. सेवा 10 वर्षांपेक्षा कमी असेल तर ते पैसे काढायच्या ऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. उद्या पुन्हा नोकरी धरलीत की जुनी वर्षं पुढे मोजली जातात.

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-बाबा असतील तर ते कव्हर तुमच्याबरोबरच जातं. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी करून घेता येते का, हे नोटीस पिरियडमध्येच विचारा. वय 70 पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. आधारवर निघतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. सत्तरच्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तीही कुटुंबाला 5 लाखांपर्यंत. पण ही दोन्ही मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरची कामं. डायपर, रोजच्या गोळ्या, फिजिओथेरपी, एअर बेडचं भाडं या घरच्या खर्चाला ती कामाला येत नाहीत, आणि खिसा रिकामा होतो तो तिथेच.

मग हा खर्च कुणी करायचा? माझं मत स्पष्ट आहे, आई-बाबांचे पैसे आधी आई-बाबांवर. आपल्याकडे मुलांना हे बोलायलाच संकोच वाटतो आणि बाबांची एफडी "नातवासाठी" म्हणून तशीच राहते. 15 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये असतील तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 येतात, म्हणजे महिन्याला 10,250. औषधं आणि डायपर त्यातून निघतात. बाबा सही करू शकतात तोवर खातं जॉइंट करून घ्या, नॉमिनेशन तपासा. अंगठ्यावर आलं की बँकेत फेऱ्या वाढतात.

आता भावंडांकडे येऊ. भागीदारीत धंदा केलेल्यांना हे लगेच कळेल. चार पार्टनर आहेत, एक रोज दुकान उघडतो, तिघे बाहेरगावी. डीड नीट लिहिलेलं असेल तर वर्किंग पार्टनरला आधी पगार मिळतो, नफ्याची वाटणी नंतर होते. घरात मात्र उलटं. पुण्याचा भाऊ दिवाळीला साडी आणतो, आणि जी उठवते-बसवते ती शून्य पगारावर. तर औषधांचा खर्च मांडताना त्याच यादीत सांभाळणाऱ्याचा महिना लिहा. निदान मावशीचे ते 15,000 तरी. आई-बाबांच्या व्याजातून भागेल ते वजा करा, उरलेलं भावंडांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचं आणि 1 तारखेला खात्यात टाकायचं. भावाने बहिणीला किंवा बहिणीने भावाला दिलेले पैसे घेणाऱ्याला टॅक्स फ्री असतात, तेव्हा रोखीत कशाला? ट्रान्सफर करा, नोंद राहते. सून सांभाळत असेल तर पैसे तिच्या नावाच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. त्यातले 500 रुपये वर्षाला टाकले तरी तिचं पीपीएफ चालू राहतं. जास्त टाकता आले तर उत्तम.

एखादा भाऊ हातच वर करत असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. आई-वडील स्वतः प्रांताकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात, मुलगा-मुलगी दोघांवर जबाबदारी येते आणि दरमहा 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता ठरू शकतो. लगेच तिथे जा असं मी म्हणत नाही, नाती आपल्यालाच सांभाळायची असतात. पण हिशोबाच्या बैठकीत हा कायदा माहीत असलेला बरा.

शेवटी धंद्याचं. "पीएफ काढून घरूनच काहीतरी सुरू करू का?" मी ट्रेनर असून सांगते, पहिले सहा महिने नाही. रुग्णाचं वेळापत्रक बसायलाच तेवढा काळ जातो, आणि भरलेला माल कुणाची वाट बघत नाही. करायचंच असेल तर ऑर्डर आल्यावर करायचं काम घ्या, आगाऊ पैसे घेऊन. फॉल-पिको, ब्लाउज, टायपिंग, एखाद्या दुकानाच्या वह्या लिहिणं. आईला दवाखान्यात न्यावं लागलं तर दोन दिवस पुढे ढकलता येईल असंच काम.