उच्च गणिताच्या अल्प मुदतीच्या शाळा



उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपलीं मुलें आजोळीं जातात, घरोघर लग्नकार्यें निघतात आणि महाविद्यालयांचे वर्ग ओस पडतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या देशांतील कांहीं विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत एकोणीस-वीस वर्षांचीं मुलेंमुली फळ्यासमोर उभीं राहून घाम गाळीत असतात. त्यांना तेथें पदवी मिळावयाची नसते, किंवा मिळालेल्या गुणांत भरही पडावयाची नसते. तीं केवळ गणित शिकण्यासाठीं आलेलीं असतात. अशा अल्प मुदतीच्या शाळांची ओळख आज आपणांस करून द्यावी, असा माझा हेतु आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. उच्च गणितांतील सिद्धांत उलगडून सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु ज्यांना मीं त्रैराशिक आणि अपूर्णांक शिकविले, त्यांपैकीं दोघेतिघे पुढें या शाळांना जाऊन आले. त्यांच्या बोलण्यावरून मला जें उमगलें, तेंच मी सांगणार आहें.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. थोर गणितज्ञानें थोडे दिवस एका ठिकाणीं राहून जिज्ञासूंना शिकवावें, ही कल्पना नवी नाहीं. १८९३ सालीं शिकागो येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्याच्या निमित्तानें झालेल्या सर्वधर्मपरिषदेंतील स्वामी विवेकानंदांचें भाषण आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें तेथें गणितज्ञांचीही परिषद झाली होती. ती आटोपल्यावर फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञानें जवळच्याच एव्हन्स्टन गांवीं दोन आठवड्यांत बारा व्याख्यानें दिलीं. त्या वेळच्या गणितांतील नव्या विचारांचा तो आढावा होता. पुढें १८९६ पासून अमेरिकेंतील गणितज्ञांच्या मंडळानें अशा व्याख्यानमाला स्वतः भरविण्यास प्रारंभ केला. मात्र त्यांचे श्रोते बहुतेक प्राध्यापकच असत. एकानें बोलावें आणि इतरांनीं ऐकावें, असें त्यांचें स्वरूप होतें.

आपल्या देशांत १९८३ सालीं अणुऊर्जा विभागानें राष्ट्रीय उच्च गणित मंडळ स्थापन केलें. या मंडळाच्या अर्थसाहाय्यानें १९९३ सालीं विद्यार्थ्यांसाठीं उन्हाळी शाळा सुरू झाली. तिचें इंग्रजी नांव लांबलचक आहे. विद्यार्थी तिला आद्याक्षरांवरून 'एम. टी. टी. एस.' म्हणतात. गणिताचें शिक्षण देणें आणि त्या विषयांत गति असलेलीं मुलें हुडकून काढणें, हे तिचे दोन हेतु तिच्या नांवांतच आहेत. तिचे प्रवर्तक प्राध्यापक एस. कुमारेसन यांनीं मुंबई विद्यापीठांत अध्यापन केलें व पुढें ते हैदराबाद विद्यापीठांत गेले. शाळेचा काळ चार आठवड्यांचा. साधारणपणें बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा एक वर्ग, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा दुसरा, आणि एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा तिसरा, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, अमूर्त बीजगणित हे त्यांतील मुख्य विषय होत.

येथें कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील कीं, जो विषय महाविद्यालयांत वर्षभर शिकवितात, तो चार आठवड्यांत कसा पुरा व्हावा? याचें उत्तर असें कीं, तो पुरा करणें हा या शाळेचा हेतूच नव्हे. अभ्यासक्रमाचीं पानें उलटण्याची तेथें घाई नसते. शिक्षक एखादा साधा प्रश्न टाकतो व थांबतो. कोणी उत्तर देतो; तें बहुधा अपुरें असतें. शिक्षक तें खोडून टाकीत नाहीं, 'असें कां?' एवढेंच विचारतो. मग दुसरा उठतो, तिसरा फळ्यापाशीं जातो, आणि पाठांतरावर तरलेला विद्यार्थी प्रथमच स्वतःच्या बुद्धीनें चार पावलें टाकतो.

या 'असें कां?' चें महत्त्व कळण्यासाठीं एक भागाकार करून पाहूं. ध्वनिक्षेपकासमोर फळा नसतो. तेव्हां आपण मनांतच आंकडे मांडावे. १ ला ७ नें भागा. ० दशांश १४२८५७ असा भागाकार येतो, आणि पुन्हा तेच सहा अंक त्याच क्रमानें येऊं लागतात. शाळेंत आपण यास आवर्ती दशांश अपूर्णांक म्हणतों, डोक्यावर टिंबें देतों आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतों.

पण ते अंक परत कां येतात? भागाकार करतांना प्रत्येक पायरीस कांहीं तरी बाकी उरते. ती ७ पेक्षां लहान असली पाहिजे. ती शून्य कधींच येत नाहीं, कारण १०, १००, १००० यांसारख्या कोणत्याही संख्येस ७ नें निःशेष भाग जात नाहीं. म्हणजे १ पासून ६ पर्यंत सहाच बाक्या संभवतात. बाक्या सहाच, आणि भागाकाराला तर अंत नाहीं. तेव्हां केव्हां तरी एकदां येऊन गेलेली बाकी पुन्हा यावयासच हवी. ती आली कीं तेथून पुढील सर्व गणित पहिल्याप्रमाणेंच होणार. झाली सिद्धता! यांत एकही सूत्र नाहीं. परंतु आतां ७ च्या जागीं ७०० घेतले तरी अंक परत येतील किंवा भागाकार संपेल, हें भागाकार न करतां आपण छातीठोकपणें सांगूं शकतों.

खरा विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाहीं. तो १३ नें भागून पाहतो. बाक्या बारा संभवतात, पण अंक सहाच्या गटानें परत येतात. ११ नें भागल्यास बाक्या दहा संभवतात, गट दोनच अंकांचा. ३७ नें भागल्यास छत्तीस संभवतात, गट तीन अंकांचा. ४१ नें भागल्यास चाळीस संभवतात, गट पांच अंकांचा. आतां पाहा : सहानें बारास, दोनानें दहास, तीनानें छत्तीसास, पांचानें चाळीसास निःशेष भाग जातो. हा योगायोग कीं नियम? हा नियमच आहे. २ आणि ५ वगळून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यांतून एक वजा केल्यास जी संख्या येते, तिला आवर्ती गटाच्या अंकसंख्येनें निःशेष भाग जातोच. याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६४० सालीं एका पत्रांत कळविलें होतें. आज तें अमूर्त बीजगणितांतील गट-सिद्धांताच्या आरंभींच येतें. ज्या विद्यार्थ्यानें हे भागाकार आधीं स्वतः केले, त्याला त्या सिद्धांताची गरज कां पडली हें समजतें. ज्यानें केले नाहींत, त्याला तो आभाळांतून पडल्यासारखा वाटतो आणि तो त्याची घोकंपट्टी करतो.

दुसरी गोष्ट भाषेची. उच्च गणितांत 'प्रत्येक' आणि 'एक तरी' या दोन शब्दांवर मोठा भार असतो. समजा, मीं म्हटलें, 'तालुक्यांतील प्रत्येक गांवांत एक तरी विहीर आहे.' हें विधान खोटें ठरविण्यासाठीं काय दाखवावें लागेल? पुष्कळजण चटकन् म्हणतात, कोणत्याच गांवांत विहीर नाहीं हें दाखवावें लागेल. तसें नव्हे. एकच बिनविहिरीचें गांव दाखविलें म्हणजे काम झालें. तसेंच, 'प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे' आणि 'एक किल्ली अशी आहे कीं ती प्रत्येक कुलपाला लागते' या दोन वाक्यांत शब्द बहुतेक तेच असले, तरी अर्थांत केवढें अंतर आहे! दुसरें वाक्य खरें असेल तर चोरांचें फावेल. वास्तव विश्लेषणांतील कित्येक व्याख्यांमधील भेद नेमका या किल्लीकुलपाच्या भेदासारखाच असतो. व्याख्या तोंडपाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास 'आतां हिचा नकार सांग' असें म्हटलें, कीं त्याला ती कितपत समजली आहे हें तत्काळ कळून येतें. उन्हाळी शाळेचे पहिले कित्येक दिवस अशाच कसरतींत जातात.

हे दिवस विद्यार्थ्यास सुखाचे नसतात, हें सांगितलें पाहिजे. माझी एक विद्यार्थिनी तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांत गणितांत नेहमीं पहिली येई. ती या शाळेस गेली, आणि चौथ्याच दिवशीं तिनें घरीं फोन केला कीं, मला न्यावयास या. मला कांहींच येत नाहीं. तिचे वडील शिवणकाम करणारे. मुलीला एकटीला इतक्या दूर पाठवावयास ते आधींच कचरत होते. ते मजकडे आले. मीं त्यांना इतकेंच म्हटलें, 'आपल्याला काय येत नाहीं हें तिला पदवी हातीं पडण्यापूर्वीं कळलें, हें बरेंच झालें. आणखी आठ दिवस राहूं द्या.' ती राहिली. चार आठवड्यांनंतर परत आली ती फारसें नवें गणित घेऊन आली नव्हती. पण पुस्तकाचें एक पान वाचावयास तिला आतां दोन दिवस लागत, आणि त्याची तिला लाज वाटत नसे.

पुढची अडचण याहून कठीण होती. तिच्या महाविद्यालयांत परीक्षा पूर्वीचीच, प्रश्नही पूर्वीचेच. वर्गांत तिनें 'असें कां?' विचारलें कीं वेळ मोडतो असें होई. चार आठवड्यांत पेटलेला दिवा पुढील अकरा महिन्यांत विझावा, हाच या शाळांपुढील खरा धोका आहे. तिनें त्यावर आपल्यापुरता उपाय काढला. दोन मैत्रिणींना घेऊन ती आठवड्यांतून एकदां ग्रंथालयांत बसूं लागली. एकीनें सिद्धता सांगावी आणि दोघींनीं शंका काढाव्या. त्या तिघींपैकीं दोघी आज स्वतः गणित शिकवीत आहेत.

हा धोका जाणत्यांनींही ओळखला आहे. म्हणूनच शिक्षकांसाठींही निराळे वर्ग भरविले जातात. संशोधनाची वाट धरलेल्या विद्यार्थ्यांकरितां राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्याच आश्रयानें वेगळ्या शाळा चालतात. त्यांची व्यवस्था राष्ट्रीय गणित केंद्र पाहतें, आणि हें केंद्र टाटा मूलभूत संशोधनसंस्था व मुंबईची आय. आय. टी. यांचें संयुक्त कार्य आहे. तेथें व्याख्यानांच्या जोडीला उदाहरणें सोडविण्याचे तास असतात, आणि विद्यार्थ्याचें खरें शिक्षण याच तासांत होतें असें तेथून आलेले सांगतात. पुण्यांत १९७६ सालीं प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनीं भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिलें. गणिताच्या अध्ययनास महाराष्ट्रांत एक हक्काचें घर त्यामुळें मिळालें.

आतां पालकांना व विद्यार्थ्यांना दोन शब्द. या शाळांसाठीं अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधीं मागवितात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणारास उशीर झालेला असतो. अर्जासोबत आपल्या शिक्षकाची शिफारस लागते. ती मागावयास संकोच करूं नये, आणि शिक्षकांनींही ती देण्यांत आळस करूं नये. शिक्षण इंग्रजींतून होतें, हें खरें. पण मोडक्या इंग्रजींत विचारलेला नेमका प्रश्न तेथें आदरानें ऐकला जातो. आपली मुलगी दूरच्या गांवीं जाणार म्हणून जे आईबाप अडखळतात, त्यांनीं आधीं तेथें जाऊन आलेल्या एखाद्या मुलीशीं बोलावें.

आणि ज्यांची निवड होणार नाहीं, त्यांचें काय? जागा थोड्या, इच्छुक पुष्कळ. तेव्हां असे अनेक असणारच. त्यांनीं निराश होऊं नये. एक चांगलें पुस्तक, दोन सोबती, एक फळा आणि आठवड्यांतील दोन तास एवढ्या सामग्रीवर अशी शाळा कोणत्याही गांवांत भरूं शकते. आरंभ कोठून करावा असें विचाराल, तर आज रात्रीं १ ला १९ नें भागून पाहा. अंक किती जागांनंतर परत येतात तें मोजा, आणि तितक्याच जागांनंतर कां, हें एकमेकांस विचारा.