शशी गोडबोलेचं नक्की काय कच्चं?

‘इंग्लिश विंग्लिश’ बघितलाय ना? २०१२ चा, गौरी शिंदेचा, श्रीदेवीवाला. टीव्हीवर लागला की आई जागची हलत नाही, तोच. मग सांगा, त्यातल्या शशी गोडबोलेची भाषा कच्ची आहे का? ‘जॅझ’चा उच्चार चुकला म्हणून नवरा आणि मुलगी तिला हसतात, म्हणजे तुम्ही पटकन ‘हो’ म्हणाल. थांबा जरा.

हॉवर्ड गार्डनर या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या पुस्तकात बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. बुद्धी म्हणजे एकच आकडा नव्हे, असं त्याचं म्हणणं. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा सात बुद्धिमत्ता त्याने सांगितल्या. निसर्गविषयक आठवी नंतर आली. (बी.एड. करणारी ताई घरात असेल तर तिला तोंडपाठ असतील!)

आता शशीला यात बसवायचं म्हटलं की सगळे थेट लाडवांकडे वळतात. हात चांगला, म्हणजे शारीरिक बुद्धिमत्ता, झालं काम. मला हा अन्याय वाटतो. ही लाडू करायलाच जन्माला आलीय, असं तर तिचा नवराही म्हणतो आणि नेमकं तेच तिला लागतं.

त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या क्लासमधली शशी बघा. चार आठवड्यांचा कोर्स, फी लाडवांच्या कमाईतून. तिथे ती सरांना विचारते, अमेरिकेच्या नावाआधी ‘द’ लावता, मग इंडियाच्या आधी का नाही? आपण शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकलो. हा प्रश्न किती जणांना पडला? नियम ऐकता ऐकता त्यातली विसंगती टिपायची, ही अस्सल भाषिक बुद्धिमत्ता. म्हणजे कच्चं होतं ते तिचं इंग्रजी. भाषेची बुद्धी आधीपासूनच होती, हिंदीत बोलत होती म्हणून कुणी मोजली नाही, इतकंच.

आणि माणसं ओळखणं? सरांचं ब्रेकअप होतं, ते समलिंगी म्हणून क्लासमधले काही जण टिंगल करतात, तेव्हा त्यांना थांबवते ती शशीच. दुःख सगळ्यांचं सारखंच, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

हा सिद्धांत सगळ्यांना मान्य आहे असं नाही हं. त्याला प्रयोगांचा पुरेसा आधार नाही, असं अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. त्यामुळे ‘मी अमुक बुद्धिमत्तेचा’ असा शिक्का स्वतःवर मारत बसू नका.

पण प्रेझेंटेशनच्या आधी ‘सर, मराठीत बोललं तर चालेल का?’ असं विचारताना तुमचा आवाज बारीक होतो ना, तेव्हा विषय तर तुम्हाला येत असतो. मग डळमळतं काय? गार्डनरच्या यादीतली स्वतःला ओळखण्याची बुद्धी. शशीचीही तीच डळमळलेली होती, कारण स्वतःबद्दलचं मत तिने घरच्यांकडून उसनं घेतलं होतं. गौरी शिंदेची आई पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करायची. हा सिनेमा म्हणजे आईची मागितलेली माफी आहे, असं तिने सांगितलंय.

परतीच्या विमानातला शेवटचा सीन आठवतोय? शशी हवाई सुंदरीकडे पेपर मागते. अगदी नीट इंग्रजीत. मागते मात्र हिंदी पेपर.