क्लीनिंगने दात हलत नाहीत

‘दातांचं क्लीनिंग करून घेऊ नका, दात हलायला लागतात.’ शिकलीसवरलेली माणसंसुद्धा हा सल्ला ठामपणे देतात. तो ऐकून लोक हिरड्यांतून रक्त येत असतानाही वर्षानुवर्षं घरी बसतात आणि वाचले असते ते दातही गमावतात.

वस्तुस्थिती अशी. दात हाडात रोवलेला असतो. हिरडीखाली कीटण साचलं की सूज येते आणि पुष्कळांत ते हाड आतल्या आत झिजतं, बहुधा न दुखता. खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवली की खरखरीत लागतं, तेच कीटण. थर जाड झाला की शेजारशेजारचे दात सिमेंटने जोडल्यासारखे एकमेकांना धरून राहतात. क्लीनिंगमध्ये हा थर निघतो, सूज ओसरते, हिरडी आक्रसते. मग फटी दिसतात, थंड पाण्याने दात शिवशिवतात आणि हाड आधीच गेलेला दात हलताना जाणवतो. यंत्राचं टोक कंपनांनी कीटण सोडवतं, दात तासत नाही. हाड कीटणाखालच्या आजाराने खाल्लं आणि बोल लागला क्लीनिंगला!

मग क्लीनिंग केलेल्या शेजारणीचे दात का नाही हलले? तिचं हाड शाबूत होतं म्हणून. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या पुरुष कामगारांचा दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 1970 पासून 15 वर्षं अभ्यास केला. दातांची निगा नाही, दंतवैद्य नाही, कीटण सर्रास. तरी 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि 11 टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही.

म्हणून ज्याच्या त्याच्या तोंडाची मोजणी हवी. खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त भरली आणि रक्तही आलं, तर आजाराची शंका. सोबत एक्स-रेवर हाड पाहतात. 2018 च्या जागतिक वर्गीकरणात आजाराचे चार टप्पे आणि वेगाच्या तीन श्रेणी आहेत. मधुमेह असून एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेचं माप) 7 टक्के किंवा वर, अथवा दिवसाला 10 किंवा अधिक सिगारेटी, तर श्रेणी सर्वांत वेगवान. कुणाला साधं क्लीनिंग पुरतं, कुणाला हिरडीखालची खोल सफाई लागते, कुणाला शस्त्रक्रिया. फेरतपासणी कुणाची 3 महिन्यांनी, कुणाची वर्षाने.

आणखी काही गैरसमज:

‘रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठणठणीत.’ सिगारेट ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं, आजार लपतो.

‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात.’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, कर्करोगाचा धोका वाढतो.

‘रक्त येतं तिथे ब्रश नको.’ तिथेच हवा, मऊ आणि हलक्या हाताने.

‘हिरड्यांचा साखरेशी काय संबंध?’ कॉक्रेनच्या 2022 च्या आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचं एचबीएवनसी सरासरी 0.43 अंकांनी उतरलं.

दवाखान्यात क्लीनिंगचे पैसे विचारण्याआधी हिरड्यांची मोजणी करायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. पुढच्या खेपेला ते शेजारी ठेवून पाहा. आजार थांबला की वाढला, हे शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून नव्हे, त्या आकड्यांवरून कळतं.