जुना फोन मुलांच्या हाती देताना



निकाल लागले की घरोघरी एकच विषय निघतो, फोनचा. आठवी-नववीतल्या मुलाला नवा फोन घ्यायचा, की आईचा जुना त्याला देऊन आईसाठी नवा घ्यायचा? बहुतेक घरांत दुसरा मार्ग निवडला जातो आणि खर्चाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. मात्र पुष्कळदा जुन्या फोनबरोबर आईचे जुने सिमकार्डही मुलाकडे जाते आणि बँकेच्या खात्याला जोडलेला क्रमांक नेमका तोच असतो. म्हणजे घरातला सर्वांत कच्चा फोन सर्वांत अननुभवी हातात, आणि बँकेचे ओटीपीही त्याच फोनवर!

प्रथम खरेदीविषयी. इंदूरच्या जेलरोडवरील डॉलर मार्केटमध्ये असो वा अन्यत्र, आपण दुकानदाराला कॅमेरा विचारतो, बॅटरी विचारतो. ‘या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारते. खरे तर पहिला प्रश्न हाच हवा. फोनच्या प्रणालीत नवनवे दोष सापडतच असतात. सन २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघडकीस आला. केवळ एक चित्रफितीचा संदेश पाठवून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरकाव करणे त्यामुळे शक्य होते. तेव्हापासून गूगल दर महिन्याला दुरुस्त्या प्रसिद्ध करू लागले. पण त्या आपल्या फोनपर्यंत पोहोचवणे हे फोन बनवणाऱ्या कंपनीचे काम, आणि ती काही वर्षांनी थांबते. त्यानंतर सापडलेले दोष जगजाहीर होतात, आपला फोन मात्र तसाच उघडा राहतो.

ही मुदत सर्वत्र सारखी नाही. गूगलने पिक्सेल ८ साठी २०२३ मध्ये आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी २०२४ मध्ये सात वर्षांचे आश्वासन दिले. अ‍ॅपलने २०१३ च्या आयफोन ५ एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षा दुरुस्ती पाठवली होती. स्वस्त फोनांची मुदत बहुधा बरीच कमी असते. शिवाय ती साधारणपणे फोनचे ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणाऱ्या दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलची दोन वर्षे आधीच सरलेली असतात! माझ्या मते थोडा कमी प्रतीचा कॅमेरा चालेल, पण मुदत मोठी हवी.

घरातला जुना फोन तपासायचा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘अँड्रॉइड व्हर्जन’ येथे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवे काही येत नसेल, तर त्या फोनवर धडे पाहावेत, शब्दकोश वापरावा. बँक आणि यूपीआय मात्र ठेवू नये. बँकेचे सिम मोठ्यांच्या फोनमध्येच असावे.

फोन मुलाला देण्यापूर्वी फोटो उतरवून घ्यावेत, आपले गूगल खाते त्यातून काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावे. क्रम महत्त्वाचा आहे. खाते तसेच ठेवून फोन पुसला, तर सुरू होताना तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागून अडून बसू शकतो.

आता कुलूप. चार अंकी पिनच्या शक्यता दहा हजार, सहा अंकीच्या दहा लाख. अर्थात सहा अंकांत जन्मतारीख लिहिली तर हिशेब फुकट गेला. फोन लॉक असतानाही पडद्यावर ओटीपी वाचता येतो, म्हणून लॉक स्क्रीनवर संदेशातील मजकूर न दिसण्याची सोय सुरू करावी. सिमलाही पिन असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तो नसेल तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि आपले ओटीपी त्याला मिळू लागतात. आधीचा पिन सिम कंपनीकडून जाणून घेऊनच तो बदलावा. तीनदा चुकला की सिम अडते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, अ‍ॅप घेताना ते काय मागते ते वाचा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे संपर्क कशाला हवेत? लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेल्या फायली उघडू नका. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असते, आणि ते तुमचे एसएमएस परस्पर पाठवू शकते. सेटिंग्जमध्ये अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप घेण्याची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर दोघांसाठी बंद ठेवा.

पालकांपैकी काही जण मुलांच्या फोनमध्ये गुपचूप पाळत ठेवणारे अ‍ॅप घालतात. मला ते पटत नाही. असे अ‍ॅप मुलाची सारी माहिती तिसऱ्याच कोणाकडे नेते. गूगलच्या फॅमिली लिंकसारखी सोय मुलाला सांगून वापरावी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती: मुलांच्या जन्मतारखा आणि घरचे क्रमांक असलेल्या याद्या पालकांच्या गटावर टाकू नयेत.

फोन हरवलाच, तर आधी सिम बंद करवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. पोलिसांतील तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या ‘संचार साथी’वर तो फोन देशभर बंद करवता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्ही घरच्या वहीत आजच उतरवून ठेवावेत.