गहाण घर आणि भाड्याचा भरंवसा

आमचें राहाता हें पेरूच्या बागांचें गांव. शिर्डी येथून हाकेच्या अंतरावर. शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंमुळें या परिसरांतील घराजागांस मागणी आली आहे, आणि तिच्याबरोबर एक नवा बेतही घरोघर शिरला आहे. राहतें घर तारण ठेवून कर्ज काढावयाचें, त्या रकमेंतून दुसरें घर घ्यावयाचें आणि पहिलें भाड्यानें द्यावयाचें. गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीवही हाच बेत घेऊन आले. "अण्णा," ते म्हणाले, "भाड्यांतच हप्ता फिटेल."

मीं जन्मभर मुलांना व्याजाचीं गणितें घातलीं. तेव्हां पाटीच पुढें ओढली. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आणि त्यावर २० लाखांचें कर्ज, दरसाल दरशेंकडा १० व्याजानें, १५ वर्षांच्या मुदतीचें. मासिक हप्ता सुमारें २१,४९२ रुपये येतो. पहिल्या हप्त्यांतील १६,६६७ रुपये व्याजांतच जातात. मुद्दल फिटतें अवघें ४,८२५. मुदतअखेर एकूण भरणा ३८ लाख ६८ हजारांवर जातो. आतां भाडें पाहूं. महिना ९,००० धरलें, वर्षांतून दोन महिने घर रिकामें राहिलें आणि घरपट्टी व डागडुजी यांस १५,००० गेले, तर हातीं उरतात ७५,००० रुपये. वर्षाचे हप्ते मात्र २,५७,९०४. म्हणजे दरसाल १,८२,९०४ रुपये पगारांतून घालावे लागणार! भाडें हप्त्यास हातभार लावील; हप्ता फेडणार नाहीं.

आतां गहाण म्हणजे काय तें पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें कर्ज फेडून घर सोडवून घेण्याचा हक्क गहाण टाकणाराकडेच राहतो. परंतु तें घर भाड्यानें देण्यास गहाणखतांत अटी घातलेल्या असूं शकतात. म्हणून बँकेची लेखी संमति आधीं घ्यावी. भाडेकरूशीं करारही लेखी व नोंदलेला हवा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ती जबाबदारी घरमालकावरच टाकतो. हप्ता थकून ९० दिवस उलटले, कीं कर्जखातें बुडीताच्या वाटेवरचें समजलें जातें. मग २००२ च्या कायद्यानें बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टांत दावा न लावतां, तारण घराचा ताबा घेऊं शकते. हौस नव्या घराची, आणि जोखीम मात्र जुन्या घरावर!

आमच्या जिल्ह्यास तरी हा धडा नवा नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांकडील कर्जखतें हिसकावून जाळलीं. खतांत काय लिहिलें आहे हें न कळतांच अनेकांनीं त्यांवर निशाण्या केल्या होत्या. पुढें १८७९ च्या कायद्यानें खतामागील खरा व्यवहार तपासण्याची मुभा कोर्टांना मिळाली. आपणांस तर वाचतां येतें. मग न वाचतां सही कां करावी?

हें सारें ऐकून मुलाच्या आईनें एकच विचारलें, "आपले कागद परत केव्हां मिळतील?" रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा, कीं संपूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रें परत द्यावयाचीं, बँकेच्या दोषानें विलंब झाल्यास दिवसास ५,००० रुपये भरपाई. परंतु तो दिवस १५ वर्षांनीं उजाडणार, आणि तेव्हां मीं ऐंशी ओलांडलेली असेल.

तरीही मीं नकार दिला नाहीं. एवढेंच सांगितलें, "घर वर्षभर रिकामें राहिलें तरी पगारांतून झेपेल, तेवढेंच कर्ज काढ." चिरंजीवांनीं पुन्हां आंकडे मांडले आणि ते २० लाखांवरून ८ लाखांवर आले, हप्ता ८,५९७ रुपये. दुसऱ्या घराऐवजीं याच घरावर दोन खोल्या चढवून त्या भाड्यानें द्याव्या, असा विचार आतां चालला आहे.

श्रोतेहो, घर तारण ठेवावें कीं न ठेवावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पाटी मात्र आधीं पुढें ओढावी.