सातव्या क्रमांकावरून अजिंक्यपद : वेस्टर्न बुलडॉग्सचा २०१६ चा हंगाम

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड मराठी वाचकाला ठाऊक आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. अजिंक्य रहाणेने २०२० मध्ये तिथेच ११२ धावांची खेळी केली. पण त्या मैदानाचा सर्वांत मोठा दिवस क्रिकेटचा नसतो. सप्टेंबरअखेरीच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची ग्रँड फायनल होते आणि सारे शहर त्या एका सामन्याभोवती फिरते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथे ९९,९८१ प्रेक्षक होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपल्या क्लबला अजिंक्यपद मिळालेले कधी पाहिलेच नव्हते, कारण ते आधी एकदाच मिळाले होते, १९५४ साली.

हा क्लब म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्स, मूळ नाव फूट्सक्रे. मेलबर्नच्या पश्चिमेला, मॅरिबर्नाँग नदीपलीकडे वसलेले हे कामगारांचे उपनगर. दगडखाणी, कत्तलखाने, दारूगोळ्याचे कारखाने यांवर पोट भरणारी माणसे इथे राहत. क्लब राज्याच्या मुख्य लीगमध्ये आला तो १९२५ साली. १९५४ मध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका निभावणाऱ्या चार्ली सटनच्या संघाने फायनलमध्ये मेलबर्न क्लबला ५१ गुणांनी हरवले. त्या संघातला तरुण टेड व्हिटन पुढे क्लबचे दैवत झाला. क्लबच्या मैदानाला आज त्याचेच नाव आहे आणि दाराशी त्याचा पुतळा आहे. त्यानंतर १९६१ ची फायनल क्लब हरला, आणि मग १९८५ ते २०१० या काळात फायनलच्या उंबरठ्यावरचा सामना, म्हणजे प्रिलिमिनरी फायनल, सात वेळा हरला. १९९७ मध्ये तर अवघ्या २ गुणांनी.

पण या पराभवांपेक्षा १९८९ चे वर्ष मला मोठे वाटते. क्लब कर्जात बुडाला होता. लीगने तो फिट्झरॉय क्लबमध्ये विलीन करायचे ठरवले, जवळजवळ जाहीरही करून टाकले. एका महिला सदस्याने कोर्टात धाव घेतली आणि थोडी मुदत मिळवली. पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलाने मोहिमेची सूत्रे हाती घेतली. लोक डबे घेऊन रस्त्यावर, रेल्वे स्टेशनांवर, दारोदार फिरले आणि काही आठवड्यांत क्लब वाचवण्याइतका पैसा उभा राहिला. त्यात बड्यांच्या चेकपेक्षा सुट्या नाण्यांचे मोल जास्त होते असे मी मानतो, कारण या क्लबचा खरा मालक कोण, हे त्या नाण्यांनी कायमचे ठरवून टाकले. हेच गॉर्डन २०१६ मध्ये पुन्हा क्लबचे अध्यक्ष होते.

खेळ थोडक्यात सांगतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्हीकडे १८ खेळाडू, चार क्वार्टर. मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारली तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेली तर १ गुण. चेंडू फेकायला मनाई आहे. एका तळहातावर तो धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून साथीदाराकडे पाठवायचा, हा हँडबॉल. बुलडॉग्सचा २०१६ चा खेळ या हँडबॉलवरच उभा होता. पाच-सहा जणांच्या झोंबाझोंबीत चेंडू सापडला की एकाच्या मुठीतून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, आणि प्रतिस्पर्ध्याला पकड घ्यायला सवडच नाही. डोक्याला हेल्मेट घालणारा १६८ सेंटिमीटरचा केलेब डॅनियल या गर्दीत सापडायचा नाही. उंच्यापुऱ्यांच्या या खेळात त्याला जागा देणे हीच प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजची दृष्टी.

बेव्हरिज आले तो काळ वाईट होता. २०१४ च्या अखेरीस कर्णधार रायन ग्रिफेन सिडनीच्या जायंट्सकडे निघून गेला आणि प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. बदल्यात जायंट्सकडून टॉम बॉइड हा दोन मीटर उंचीचा पोरगेला खेळाडू आला, सात वर्षांच्या भल्यामोठ्या करारावर. तो खेळला की लोक त्याच्या पगाराचाच हिशेब मांडत. कर्णधारपद बॉब मर्फीकडे आले. चेंडू हातात आला की आधी मान वर करून मैदान पाहणारा, लेखणीही चालवणारा हा बचावपटू लोकांचा लाडका होता.

२०१६ च्या तिसऱ्याच फेरीत, हॉथॉर्नविरुद्धच्या सामन्याच्या शेवटच्या क्षणांत, मर्फीचा गुडघा गेला. सामना ३ गुणांनी गेला आणि कर्णधाराचा हंगाम संपला. ईस्टन वुड त्याच्या जागी उभा राहिला. पुढे मिच वॉलिसचा पाय मोडला, त्याच सामन्यात जॅक रेडपाथचा गुडघा गेला. टॉम लिबरेटोरे, जॅक मॅक्रे हेही जायबंदी झाले. तरी संघाने २२ पैकी १५ सामने जिंकले आणि सातवा क्रमांक गाठला. त्या वर्षी लीगने बाद फेरीआधी एका आठवड्याची विश्रांती प्रथमच दिली होती. तिचा बुलडॉग्सला सर्वाधिक फायदा झाला हे मान्य करायला हवे. लिबरेटोरे आणि मॅक्रे त्यामुळेच परत उभे राहू शकले. पण सुटी सर्वच संघांना होती.

सातव्या क्रमांकाच्या संघाला तेव्हा चार बाद सामने सलग जिंकावे लागत आणि बहुतेक प्रतिस्पर्ध्याच्या घरी. पर्थमध्ये वेस्ट कोस्टला त्यांनी ४७ गुणांनी लोळवले. मग मेलबर्नमध्ये सलग तीन वर्षांचा विजेता हॉथॉर्न २३ गुणांनी गारद. तिसरा सामना सिडनीत, त्याच जायंट्सशी. समर्थक मोटारी काढून सुमारे नऊशे किलोमीटर गेले. शेवटच्या क्वार्टरमध्ये मागे पडलेला संघ ६ गुणांनी जिंकला, ८९ विरुद्ध ८३. १९८५ पासून ज्या सामन्यात क्लब अडत आला होता, तो अडथळा तिथे ओलांडला गेला.

फायनल सिडनी स्वान्सशी. शेवटच्या क्वार्टरपर्यंत सामना कुणाचाही होता. जेसन योहानिसनने मारलेला गोल व्हिडिओ तपासणीत रद्द झाला आणि बुलडॉग्सच्या गोटात श्वास अडकला. मग बुलडॉग्सच्या डेल मॉरिसने स्वान्सच्या लान्स फ्रँकलिनला मागून पकडले, चेंडू सुटला, बॉइडने उचलला आणि साठएक मीटरवरून मारला. चेंडू टप्पा घेत मोकळ्या गोलात गेला. मॉरिस पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळला होता, हे नंतर कळले. पगारावरून दोन वर्षे टोमणे खाल्लेल्या बॉइडने त्या दिवशी तीन गोल केले. अंतिम गुण ८९ विरुद्ध ६७. सामनावीर योहानिसन. लिबरेटोरेचे वडील टोनी याच क्लबकडून आयुष्यभर खेळले, पण फायनल त्यांच्या वाट्याला आली नाही. ती मुलाने जिंकली.

बक्षीस समारंभात बेव्हरिजने मर्फीला मंचावर बोलावले आणि विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारे आपले पदक त्याच्या गळ्यात घातले. मर्फीने ते नंतर स्वतःकडे ठेवले नाही. ३१२ सामने खेळून तो २०१७ मध्ये निवृत्त झाला. फायनल तो कधीच खेळला नाही. त्या पदकाने ही भरपाई झाली असे मला वाटत नाही. पण हे यश मैदानाबाहेर बसलेल्यांचेही आहे, डबे घेऊन फिरलेल्यांचेही आहे, हे त्याहून स्पष्ट कुणी सांगू शकले नसते.

आज मेलबर्नच्या याच पश्चिम पट्ट्यात, टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक भागांत, कितीतरी मराठी कुटुंबे घर करून आहेत. तुमचे कुणी तिथे असेल तर त्यांना सांगा, क्रिकेटचा मोसम संपला की एकदा मुलांना घेऊन बुलडॉग्सचा सामना बघा. तो त्यांच्या गावाचा क्लब आहे.