ट्रंकची दोन टोकं

सोमवारची सकाळ. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर नवं वायफाय लागलं आहे. मोबाइलवर त्याचं नाव दिसतं, पासवर्डही चालतो, आणि मग ते गोल चक्र नुसतं फिरत राहतं. लॅपटॉपचा आयपी पत्ता बघितला तर १६९.२५४ने सुरू होणारा. या कामात मुरलेल्या माणसाला एवढा आकडा पुरतो. डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक नाइलाजाने स्वतःच स्वतःला असला पत्ता देऊन टाकतो. म्हणजे त्याची हाक सर्व्हरपर्यंत पोचलेली नाही, किंवा उत्तर परत आलेलं नाही. रॅकपाशी जाऊन पाहावं तर सगळे दिवे हिरवे. केबल धड, स्विच धड, सर्व्हर धड. मोडलेलं काहीच नाही, आणि चालतही काही नाही.

व्हीलॅन आणि ट्रंकच्या चुका बहुतेक अशाच असतात. त्या यंत्रात नसतात, दोन यंत्रांच्या समजुतीत असतात.

व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा, जन्म मुळात एका कोंडीतून झाला. अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोन संशोधन संस्थेत डेव्हिड सिन्कोस्की १९८०च्या दशकात इथरनेटची जाळी मोठी कशी करायची, या प्रश्नाशी झुंजत होते. जाळ्यात वळसा तयार झाला तर निरोप अनंतकाळ फिरत राहतात. म्हणून राडिया पर्लमन यांनी १९८५च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली होती. जादा मार्ग बंद ठेवायचे आणि जाळ्याला झाडाचा आकार द्यायचा. पण झाड म्हटलं की सगळी वर्दळ बुंध्याशी येऊन तुंबते. सिन्कोस्की आणि त्यांचे सहकारी चेस कॉटन यांनी सुचवलं की प्रत्येक निरोपाला एक खूण चिकटवावी. खूण म्हणजे जणू रंग. लाल निरोपांचं झाड वेगळं, हिरव्यांचं वेगळं, निळ्यांचं वेगळं. तार तीच, जाळी तीन. मुंबईत डबेवाल्यांच्या डब्यांच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा पाहिलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

तोवर स्विच नावाची वस्तूही बाजारात येऊ लागली होती. १९९०मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरस्विच आणला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, आणि नाव त्यांच्या पत्नीचं. १९९४मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

खुणेचं प्रमाण ठरायला मात्र १९९८ उजाडलं. आयट्रिपलई या संस्थेच्या ८०२.१क्यू या प्रमाणानुसार प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे निरोपाच्या पाकिटात, चार बाइटांचा टॅग घुसवला जातो. पहिले दोन बाइट ‘इथे टॅग आहे’ एवढंच सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी तीन बिटांत अग्रक्रम आणि बारा बिटांत व्हीलॅनचा क्रमांक. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणजे हाती उरतात ४०९४. एखाद्या कारखान्याला किंवा कॉलेजला हे आयुष्यभर पुरतील. अकाउंट्सला १०, सीसीटीव्हीला ४०, पाहुण्यांच्या वायफायला ५० असे क्रमांक वाटले की एकाच स्विचवर बसलेली ही मंडळी एकमेकांना दिसेनाशी होतात.

टेबलावरचा साधा संगणक यातलं काही जाणत नाही. तो ज्या अॅक्सेस पोर्टला जोडलेला असतो तो पोर्ट एकाच व्हीलॅनचा, तिथे टॅगची गरज नाही. टॅग लागतो तो एका स्विचवरून दुसऱ्याकडे जाताना, जिथे एकाच केबलमधून सगळ्या व्हीलॅनची गर्दी जाते. या केबलला म्हणायचं ट्रंक. ज्यांनी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला आहे त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. दोन एक्स्चेंजना जोडणारी, अनेकांची बोलणी वाहणारी तार ती ट्रंक लाइन. गंमत अशी की हा शब्दच कित्येक चुकांचं मूळ आहे. सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर मात्र ट्रंक म्हणजे दोन-चार केबली बांधून केलेली एक जाड जोडणी. सिस्को ज्याला ट्रंक म्हणतं, त्यासाठी तिथे पोर्ट त्या त्या व्हीलॅनमध्ये ‘टॅग्ड’ करायचा असतो. एका टोकाला सिस्को, दुसऱ्याला एचपी, आणि मधे तरुण इंजिनिअर असला की अर्धा दिवस सहज जातो.

एकाच कंपनीचे स्विच असले म्हणजे सुटलो असंही नाही. सिस्कोचे स्विच आपसात बोलून ट्रंक करायची की नाही हे ठरवू शकतात. जुन्या २९५० मालिकेचा पोर्ट मुळातच पुढाकार घेणारा होता. समोरचा तयार असेल तर ट्रंक करूच, असा त्याचा स्वभाव. नंतरची २९६० मालिका लाजाळू निघाली: समोरच्याने विचारलं तर हो म्हणायचं, आपणहून विचारायचं नाही. आता जुन्या दोन स्विचांपैकी एक बदलला तर काम सुरळीत चालतं, कारण उरलेला जुना विचारतो आणि नवा होकार देतो. काही महिन्यांनी दुसराही बदलला की दोघं लाजाळू समोरासमोर बसतात, कुणीच विचारत नाही आणि ट्रंक होतच नाही. डिफॉल्ट व्हीलॅन चालू, बाकीचे बंद. म्हणून जाणते लोक हा संवाद बंदच करून दोन्ही टोकांना ‘ट्रंकच’ असं लिहून टाकतात.

यापेक्षा छुपी भानगड नेटिव्ह व्हीलॅनची. ट्रंकवर बिनटॅगची फ्रेम आली तर ती कुणाची मानायची? नेटिव्ह ठरवलेल्या व्हीलॅनची. प्रमाण ठरलं तेव्हा टॅग न कळणारी उपकरणं भरपूर होती, त्यांच्यासाठी ही सोय ठेवली. सिस्कोच्या आधीच्या आयएसएल पद्धतीत हा प्रश्नच नव्हता. तिथे प्रत्येक फ्रेम २६ बाइटांच्या वेष्टनात गुंडाळली जाई आणि शेवटी आणखी चार बाइट लागत. ८०२.१क्यूवर मात्र एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्याला ९९ असेल, तर इकडून व्हीलॅन १ मधून निघालेली फ्रेम तिकडे व्हीलॅन ९९ मध्ये उतरते. दोन घरांमधली भिंत कुणाला न कळता गायब होते. दोन्हीकडे सिस्को असेल तर स्विच नेटिव्ह जुळत नसल्याची तक्रार लॉगमध्ये करत राहतो आणि स्पॅनिंग ट्री तो मार्ग अडवूनही ठेवतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असले की अशी ओरड होईलच याचा भरवसा नाही.

तर मग तपास करायचा कसा? सिस्कोच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ नावाची एक आज्ञा आहे, आणि ती वाचता येणं हीच या कसबाची खरी परीक्षा. उत्तरात एकाखाली एक चार याद्या येतात. पहिलीत पोर्ट खरोखर ट्रंक झाला आहे का आणि नेटिव्ह कोणता. दुसरीत या ट्रंकवरून कोणत्या व्हीलॅनना परवानगी आहे. तिसरीत परवानगी असलेल्यांपैकी या स्विचवर प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले कोणते. चौथीत त्यातलेही स्पॅनिंग ट्रीने मोकळे सोडलेले. चाळणीखाली चाळणी लावावी तसं हे आहे. हरवलेला व्हीलॅन कोणत्या चाळणीत अडकला एवढं पाहायचं. दुसऱ्या यादीत नसेल तर कुणी परवानगीच दिलेली नाही. दुसरीत आहे पण तिसरीत नाही, तर तो व्हीलॅन या स्विचवर तयारच केलेला नाही. नवखे इथे हमखास फसतात, कारण पोर्टवर क्रमांक लिहिलेला त्यांना डोळ्यांनी दिसत असतो. तिसरीत आहे पण चौथीत नाही, तर घाबरायचं कारण कदाचित नसेलही. जादा मार्ग अडवून ठेवणं हे स्पॅनिंग ट्रीचं कामच आहे.

आणि हे सगळं एका टोकाचं झालं. तीच आज्ञा समोरच्या स्विचवर द्यायची, मग त्याच्या पुढच्यावर. फोनवरचा ठरलेला संवाद असा असतो:

“सर, माझ्याकडे सगळं बरोबर दिसतंय.”

“तुझ्याकडे असेल रे. समोरच्या टोकाला काय दिसतंय ते सांग.”

पॅकेट पकडून पाहायचा मोह नव्याने शिकलेल्यांना फार होतो. पण साध्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अनेकदा टॅग काढूनच फ्रेम वर देतो. टॅग दिसत नाही म्हणून तो नव्हताच असं समजून माणूस भलत्याच दिशेला जातो. त्यापेक्षा प्रत्येक स्विचच्या मॅक टेबलमध्ये पत्ता न मिळालेला लॅपटॉप कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसतो हे पाहत पाहत पुढे जाणं सोपं.

दुरुस्तीतही खड्डे आहेतच. सर्वांत प्रसिद्ध खड्डा ‘अॅड’ या एका शब्दाचा. ट्रंकच्या परवानगी यादीत ३० क्रमांक वाढवायचा असेल तर आज्ञेत ‘अॅड ३०’ म्हणावं लागतं. नुसतं ‘३०’ लिहिलं तर स्विच जुनी यादी पुसतो आणि तिथे एकटा ३० ठेवतो. बाकीचे सगळे व्हीलॅन त्या क्षणी बाहेर. त्यातच स्विचचा स्वतःचा व्यवस्थापनाचा व्हीलॅन असेल, तर आज्ञा देणाऱ्याचा पडदाही तिथेच गोठतो. दूरच्या शाखेतला स्विच असला की जुनी मंडळी आधी ‘रीलोड इन १०’ असं सांगून ठेवतात. दहा मिनिटांत आपण परत येऊन ते रद्द केलं नाही, तर स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल आणि सेव्ह केलेली जुनी मांडणी उचलेल.

व्हीटीपीने मात्र याहून मोठे उत्पात केले. एका स्विचवर व्हीलॅन तयार करा, बाकीचे आपोआप शिकतील, अशी ही सोय. कोणाची यादी नवी हे ठरतं आवृत्तीच्या क्रमांकावरून, आणि लॅबमध्ये वर्षभर सरावाला वापरलेल्या स्विचचा हा क्रमांक खूप वर गेलेला असतो. डोमेनचं नाव तेच असलेला असा स्विच कुणी उचलून चालू नेटवर्कला जोडला, की बाकीचे त्याची यादी मुकाट्याने स्वीकारतात आणि त्यात नसलेले व्हीलॅन सगळीकडून पुसले जातात. मांडणी पुसली म्हणजे स्विच कोरा झाला, हा समजही इथेच नडतो. व्हीलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि नेहमीच्या पुसण्याने जात नाही. व्हीटीपीच्याच तिसऱ्या आवृत्तीत यावर बंदोबस्त झाला, पण अनेकांनी तोवर व्हीटीपी बंदच करून टाकलं होतं.

जाळ्याचे कप्पे नीट पाडले नाहीत तर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण बॉस्टनचं. नोव्हेंबर २००२मध्ये तिथल्या बेथ इस्रायल डीकनेस या रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं. जोडत जोडत वाढवलेलं ते एकच सपाट जाळं स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्यापेक्षा लांब झालं होतं. एका संशोधकाच्या सॉफ्टवेअरमधून माहितीचा लोंढा सुटला आणि स्विचांचा आपसातला ताळमेळ सुटला. जवळपास चार दिवस रुग्णालय कागदी फॉर्मवर चाललं. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी हे झाकून न ठेवता जाहीरपणे सांगितलं, म्हणून तो धडा आजही गिरवला जातो.

तिसऱ्या मजल्यावरची गोष्ट इतकी मोठी नाही. दोन्ही टोकांच्या स्विचवर व्हीलॅन ५० होता, परवानगीही होती. मधल्या मजल्यावरच्या स्विचवर मात्र तो दुसऱ्या यादीत दिसला आणि तिसरीत नाही. दोन ओळींची आज्ञा, आणि लॅपटॉपला पत्ता मिळाला. चहा झाला, सगळे घरी गेले. पुढे पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, बॅटरीही संपली, पहाटे स्विच पुन्हा सुरू झाला, आणि नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. मधल्या स्विचवर व्हीटीपी बंद होतं, तिथे सेव्ह न केलेला व्हीलॅन टिकत नाही, आणि त्या सोमवारचा बदल सेव्ह करायचा राहून गेला होता.